ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात प्रोसेसर: टॉवर कूलर घ्यावा की पाण्याचा?

ग्वाल्हेरच्या मेळ्याच्या दिवसांत, ऐन थंडीत जुळवलेला डेस्कटॉप मे महिन्यात अडखळू लागतो. बहुतेक वेळा मशीनमध्ये खोट नसते. जानेवारीत खोली १५ अंशांवर होती. मे महिन्यातल्या दुपारी, लश्करातल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, दगडी छताखाली तीच खोली ४० अंशांवर जाते. मधे २५ अंशांचा फरक पडला, आणि प्रोसेसरही जवळपास तेवढेच अंश वर चढला. थंडीत ६८ दाखवणारा प्रोसेसर आता ९३ दाखवतो.

अशा वेळी ‘लिक्विड कूलिंग बसवून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो कधी बरोबर असतो, पण आपल्याकडे बहुतेकदा पैसे वाया घालवणारा ठरतो. का, ते आधी समजून घेऊ.

दोन्ही प्रकारांत उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच जाते. टॉवर कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात, त्यांना हीटपाइप म्हणतात. आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वरच्या थंड टोकाला ती निवते, आणि आतल्या अस्तरातून पाणी झिरपत पुन्हा खाली येतं. म्हणजे पाणी त्यातही आहेच, फक्त पंप नाही. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर बसलेला पंप द्रव फिरवतो, तो रबरी नळ्यांतून रेडिएटरमध्ये जातो आणि तिथे फॅन त्याला निववतात. दोघांपैकी कोणीही प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४२ असेल तर द्रवाची सुरुवातच ४२ पासून होते.

लिक्विडचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, ३६० मिमीच्या रेडिएटरचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून २०० वॅटच्या वरची उष्णता तो सतत काढू शकतो. दोन, ती उष्णता तो थेट कॅबिनेटच्या कडेला नेऊन सोडतो. ८०–१२० वॅटच्या प्रोसेसरला या दोन्हींची गरज पडत नाही.

आधी वॅट बघा

खोक्यावरचा ‘६५ वॅट’ हा आकडा धरून कूलर घेऊ नका. इंटेलच्या कोअर आय५-१३४००एफवर ६५ लिहिलेलं असतं, पण टर्बोची, म्हणजे गरजेला वेग वाढवतानाची, मर्यादा १४८ वॅट आहे. आय७-१४७००के आणि आय९-१४९००के यांवर १२५ लिहिलेलं असतं, टर्बो २५३. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) हिशेब ठरलेला आहे: ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेतो, १०५ चा १४२, १२० चा १६२ आणि १७० चा २३०.

त्यात आणखी एक मेख आहे. अनेक मदरबोर्ड, विशेषतः बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग) जुनं असेल तर, इंटेलच्या के-मालिकेसाठी, म्हणजे नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरांसाठी, पॉवरची मर्यादा उघडीच सोडतात, तिथे ४०९६ वॅट असा आकडा दिसतो. याचा अर्थ मर्यादाच नाही. कूलर बदलण्याआधी तो आकडा बघा. तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय५-के, आय७ किंवा आय९ असेल तर बायोसही नवं करून घ्या. या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे होणारी इजा थांबवण्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आहेत. झालेली इजा त्याने भरून निघत नाही, पण पुढची टळते. ही इजा तापमानाची वाटते आणि लोक कूलर बदलत बसतात.

आता निवड. आपल्याकडचा उन्हाळा धरूनच सांगतो.

९० वॅटपर्यंत, म्हणजे एएमडीचे रायझेन ५ ७६०० किंवा रायझेन ७ ९७०० एक्ससारखे प्रोसेसर मूळ मर्यादेवर चालवायचे असतील, तर चार हीटपाइप आणि एक १२० मिमी फॅन असलेला टॉवर पुरतो. डीपकूल एके४०० किंवा कूलरमास्टर हायपर २१२ हे त्या वर्गातले. प्रोसेसरबरोबर फुकट येणारा छोटा कूलर जानेवारीत चालून जातो. मे महिन्यात तो पूर्ण वेगाने किंचाळत राहतो, म्हणून तो बदलावा असंच आमचं मत आहे.

९० ते १६० वॅटसाठी सहा हीटपाइप आणि दोन फॅनचा जोड-टॉवर घ्या. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूल एके६२० चालतील. नॉक्टुआ एनएच-डी१५ त्याहून वरचा, पण फॅनसकट त्याचं वजन १३२० ग्रॅम आहे आणि उंची १६५ मिमी. गेमिंगसाठी घेतला जाणारा रायझेन ७ ७८००एक्स३डी याच गटात बसतो. त्याची तापमानाची मर्यादा ८९ अंश आहे, एक्स३डी नसलेल्या रायझेन ७००० ची ९५, इंटेलची साधारण १००. गेम खेळताना तो १६२ वॅटच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्याला ३६० मिमीचा रेडिएटर लावणं ही निव्वळ हौस.

२०० वॅटच्या वर, आणि तेही तासन्‌तास, म्हणजे थ्रीडी रेंडर, लांब व्हिडिओ एक्स्पोर्ट, मोठं कोड-कंपायलिंग, अशा कामालाच ३६० मिमीचा लिक्विड कूलर शोभतो. १२० मिमीचा एकेरी रेडिएटर कोणी देऊ केला तर घेऊ नका. तो चांगल्या टॉवरपेक्षा थंड नसतो, महाग असतो, आणि वर पंप बिघडण्याची टांगती तलवार. २४० मिमी हाही चांगल्या जोड-टॉवरच्या आसपासच असतो. कॅबिनेटमध्ये टॉवर मावत नसेल तरच तो घ्यावा.

एक तिसरा मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. रायझेनमध्ये बायोसला ‘इको मोड’ असतो. १७० वॅटचा रायझेन ९ त्यात १०५ वर आणला की १४२ वॅटच खातो. इंटेलमध्ये पीएल१ आणि पीएल२ हे वॅटच्या मर्यादेचे दोन आकडे हाताने भरता येतात; आय७-१४७००केला १८० वॅट देऊन बघा. वरचे शेवटचे वॅट फार थोडा वेग देतात आणि फार जास्त उष्णता. एप्रिल ते जून मर्यादा खाली आणायची आणि पाऊस पडला की पुन्हा वर न्यायची, ही सवय आपल्या हवामानाला धरून आहे.

आपली खोली, आपला हिशेब

विकत घेण्याआधी आज असलेल्या कूलरवर ही मोजणी करा. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा, कॅबिनेटच्या समोरच्या जाळीजवळ, हातभर अंतरावर. तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ उघडा. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ चा सगळ्या कोअरचा टेस्ट चालवा. टॉवर कूलर असेल तर १० मिनिटं पुरतात. लिक्विड असेल तर ३० मिनिटं चालवाच. द्रव हळूहळू तापतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात. दुकानात दोन मिनिटं चालवून दाखवलेला थंडगार लिक्विड कूलर हा असाच.

शेवटच्या मिनिटातलं प्रोसेसरचं तापमान घ्या, त्यातून थर्मामीटरचं तापमान वजा करा. उरली ती वाढ. त्या वाढीत ४२ मिळवा. समजा खोली २४, प्रोसेसर ७२. वाढ ४८, म्हणून मे महिन्यातला आकडा ९०. इंटेलला हे चालेल, पण काठावर. ७८००एक्स३डीला चालणार नाही, तो स्वतःचा वेग कमी करेल.

हा हिशेब कुठे चुकतो, तेही लक्षात ठेवा. प्रोसेसर आधीच मर्यादेला टेकला असेल तर वाढ खोटी निघते, कारण तो वॅट कमी करून तापमान आवरत असतो. रायझेन ७००० चे मोठे प्रोसेसर तर मुद्दामच ९५ पर्यंत चढतात. त्यांच्याबाबतीत अंशांऐवजी वॅट आणि मेगाहर्ट्झ बघा: सुरुवातीच्या मानाने दहाव्या मिनिटाला ते किती घसरले? थोडे घसरले तर काळजी नको. याच प्रोसेसरांत उष्णता सिलिकॉनच्या जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या एकेका चकतीतून बाहेर पडते. अडचण त्या चकतीतच असते, म्हणून कूलर दुप्पट मोठा केला तरी हाती मोजके अंश लागतात.

४२ का धरायचे? खोली गार करणारा पाण्याचा कूलर चालू असला तर मे महिन्यात तापमान ३० च्या आसपास येतं, हे खरं. पण वीज गेली की तो बंद पडतो आणि संगणक यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर चालूच राहतो. शिवाय जुलैत दमट हवेत तो कूलर काम करत नाही. एसीच्या बंद खोलीत बसत असाल आणि तिथे इन्व्हर्टरची सोय नसेल, तर २८ धरा.

खोलीच्या कूलरचा प्रश्न

हा भाग कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गारवा मिळावा म्हणून लोक कॅबिनेट थेट खोलीच्या कूलरच्या झोतात ठेवतात. झोतातून बारीक तुषार येतात. बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार कूलरच्या घासेवर, म्हणजे बाजूच्या ओल्या गवतावर, पांढरे थर करतात, तुम्ही बघितलेच असतील. तेच क्षार तुषारांबरोबर येऊन हीटसिंकच्या पात्यांवर आणि मदरबोर्डवर बसतात. वर बाहेरची धूळ. धूळ आणि ओल मिळून जो लेप होतो तो ब्रशने निघत नाही. पुढे रॅमच्या सॉकेटमध्ये आणि ग्राफिक्स कार्डाच्या टोकांवर गंज चढतो.

कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, किमान सहा-सात फूट लांब, आणि जमिनीपासून वीतभर उंच. कूलरसाठी समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते; त्या खिडकी आणि कूलरच्या मधल्या रेषेत मशीन येऊ देऊ नका. आंधीच्या दिवशी, आकाश पिवळं दिसू लागलं की मशीन बंद करून वर चादर टाका आणि धूळ बसल्यावरच काढा. चालू मशीनवर मात्र कधीही काही झाकू नका.

जुन्या वाड्यात संगणक कोनाड्यात किंवा भिंतीतल्या कपाटात बसवलेला असतो. दिसायला नीटस, पण मागची गरम हवा तिथेच कोंडते आणि पुन्हा पुढून आत शिरते. मागे वीतभर जागा सोडा आणि कपाटाचं दार काम करताना उघडं ठेवा. नुसत्या या बदलाने कित्येकदा नवा कूलर घेण्याची गरजच उरत नाही.

घेण्याआधी टेप लावा

कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, बहुधा १५५ ते १७० मिमी. तुमच्या टॉवरची उंची त्याहून निदान ३–४ मिमी कमी हवी. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन १५५, एके६२० १६० मिमी. रॅमवर उंच हीटसिंक असतील तर पुढचा फॅन वर सरकवावा लागतो आणि तेवढी उंची वाढते. काचेचं दार लागत नाही, अशी तक्रार यातूनच येते.

रेडिएटरसाठी वरच्या बाजूला मोजा. साधा रेडिएटर २७ मिमी, फॅन २५, म्हणजे ५२ मिमी जागा मदरबोर्डच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत लागते. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे, त्याला ६३ लागतात.

सॉकेटही तपासा. इंटेलच्या जुन्या एलजीए१२०० सॉकेटची क्लिप नव्या एलजीए१७०० ला बसत नाही. भोकांमधलं अंतर ७५ मिमीवरून ७८ झालं आहे. ओढूनताणून बसवली तर एक कोपरा उचललेला राहतो आणि प्रोसेसर १०० ला भिडतो. एएम५ मध्ये मागची लोखंडी पट्टी मदरबोर्डलाच असते, ती काढायची नाही. फक्त पुढच्या दोन प्लास्टिकच्या कड्यांचे चार स्क्रू काढायचे.

बसवताना

जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर सरळ वर ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा घेऊन प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पुसा. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोलली का, ते दोनदा बघा. ही फिल्म राहिली की नवा कूलर जुन्यापेक्षा वाईट चालतो आणि दोष पेस्टला दिला जातो. पेस्ट: एएम५ ला मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके, एलजीए१७०० चा प्रोसेसर लांबट आहे, त्याला लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा फुली. बोटाने पसरवू नका.

स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, दर वेळी दोन-तीन फेरे. एक पूर्ण आवळून मग दुसरा धरला तर पेस्ट एका कडेला जाते. फॅनची दिशा मागच्या फॅनकडे हवी. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवरचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: त्याची हवा सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमवरूनही (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवरूनही) जाते. लिक्विड बसवलात तर तो भाग उघडा पडतो, म्हणून मागचा फॅन काढून टाकू नका.

लिक्विडमध्ये पंपाची जागा जिवाची गोष्ट आहे. आत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर छताला लावला की प्रश्नच मिटतो. पुढे लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि जमत असेल तर नळ्या खालच्या बाजूला. पुढच्या रेडिएटरला थंड हवा आधी मिळते हे खरं, पण ग्वाल्हेरची धूळही आधी त्यालाच मिळते, आणि त्याच्या पात्या टॉवरपेक्षा फार दाट असतात. आमचा कौल छताला.

रेडिएटरला फॅन लावायचे स्क्रू लांब असतात, कॅबिनेटला लावायचे आखूड. अदलाबदल झाली आणि लांब स्क्रू थेट रेडिएटरमध्ये गेला, तर तो आतल्या नळीला भोक पाडतो. पंपाची वायर ‘पंप’ लिहिलेल्या जागी द्या आणि बायोसमध्ये त्याला १०० टक्के वेग ठेवा. ‘सीपीयू फॅन’ची जागा रिकामी ठेवली तर मशीन सुरू होताना चूक दाखवून थांबतं, तिथे रेडिएटरचे फॅन लावा.

बिघाड ओळखायचा कसा

टॉवरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग आहे, फॅन. खरखर सुरू झाली की १२० मिमीचा नवा फॅन क्लिपने बसवायचा, काम झालं. हीटसिंक पुढच्या मशीनलाही चालतो, फक्त नव्या सॉकेटची पट्टी लागते. आमचा झुकाव टॉवरकडे आहे तो मुख्यतः यामुळे.

लिक्विडचा पंप थांबला तर भाराखाली प्रोसेसर लगेच मर्यादेला जातो आणि मशीन मंदावतं किंवा बंद पडतं. हात लावून बघा: प्रोसेसरजवळची एक नळी गरम, दुसरी गार, रेडिएटर गार, म्हणजे द्रव फिरत नाही. सुरू करताना गुळगुळ आवाज येत असेल तर हवा पंपात आहे. मशीन चालू ठेवून कॅबिनेट दोन्ही बाजूंना ३० अंश कलवा, आवाज थांबला पाहिजे. महिन्यागणिक दोन-तीन अंश चढत गेले, पेस्ट बदलून फरक पडला नाही, तर तळाच्या बारीक पात्यांत गाळ अडकला आहे किंवा द्रव कमी झाला आहे. रबरी नळीतून पाणी वर्षानुवर्षं सूक्ष्म प्रमाणात उडत असतं, आणि उष्णतेत ते जास्त उडतं. चांगल्या कंपन्या ५ ते ६ वर्षांची हमी देतात. ती संपली की बिघाडाची वाट न बघता बदलायची तयारी ठेवा. ही किंमत आधीच हिशेबात धरली पाहिजे. नळाचं किंवा आरओचं पाणी घालून तो पुन्हा भरण्याच्या फंदात पडू नका.

मशीन दुसऱ्या गावी न्यायचं असेल, मुलाबरोबर पुण्याला पाठवायचं असेल, तर एक किलोचा टॉवर काढून वेगळा बांधा, किंवा कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खाली येईल असं ठेवून न्या. उभ्या कॅबिनेटमध्ये गाडीच्या दचक्यांनी तो सॉकेटवर लोंबकळत राहतो. इथे लिक्विडची बाजू खरोखर वरचढ आहे.

धूळ काढायचे दिवस ठरवून ठेवा: मार्चअखेर, जूनअखेर आणि दिवाळीच्या सफाईत. पुढची जाळी मात्र उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो नेमलेल्या वेगापेक्षा जोरात फिरून त्याचं बेअरिंग जातं. टॉवरवर हवा फॅनच्या उलट दिशेने मारा, म्हणजे पात्यांत ठासलेला धुळीचा गठ्ठा आत न दबता बाहेर येतो.